तीन शहरे, एक प्रकल्प: मानव्यविद्यांतील संयुक्त संशोधनासाठी निधी कसा मागावा

बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथे मराठी, इतिहास, संगीत, संस्कृत असे विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांची अभ्यासक्षेत्रे एकमेकांना इतकी लागून आहेत की त्यांनी एकत्र संशोधन करावे, हे कोणालाही सहज पटते. तरीही असे काम क्वचितच उभे राहते. सहकार्याला स्वतंत्र खर्च येतो आणि तो खर्च अर्जात कोणी मागत नाही, हे त्याचे मोठे कारण आहे असे माझे मत आहे. पुस्तके, संगणक आणि सहायकाचे मानधन यांचे आकडे सर्वांना सुचतात. पण तीन गावांच्या तीन माणसांनी आठवडाभर एका टेबलाशी बसून एकच रुमाल (कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा) सोडून वाचायचा असेल, तर त्यासाठी लागणारी रक्कम अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून असा प्रकल्प मांडू पाहणाऱ्या सहकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून मी पुढील सूचना लिहीत आहे. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातील आणि ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठातील सहकाऱ्यांनाही त्या थोड्या फरकाने उपयोगी पडतील.

सुरुवात प्रश्नापासून करावी. एका शहरात बसून ज्याचे उत्तर मिळूच शकत नाही, असा प्रश्न हवा. उदाहरणादाखल दरबारी आश्रयातले संगीत शाळेत कसे आले हा प्रश्न घ्या. बडोद्यात १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली आणि तिचाच वारसा आजच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेकडे आहे. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्यातच भरली. तीत पुढाकार घेणाऱ्या पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले. आणि इंदूरच्या होळकर दरबारात बीनकारांना (बीन म्हणजे रुद्रवीणा वाजवणाऱ्यांना) आश्रय होता. शिक्षकांच्या नेमणुका, पगार, अभ्यासक्रम आणि उस्तादांचे अर्ज यांविषयीची कागदपत्रे त्या त्या संस्थानाच्या दप्तरात विखुरलेली असणार, त्यांतील काही मोडी लिपीत असणार, आणि ती समजून घ्यायला इतिहासकार, संगीताचा अभ्यासक व मोडीवाचक हे तिघेही लागणार. सहकार्य कशासाठी, या अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाच्या प्रश्नाला असा विषय स्वतःच उत्तर देतो. याउलट ‘मध्य भारतातील मराठी संस्कृती’ यासारखा मोघम मथळा घेऊन प्रत्येकाने आपापला निबंध लिहायचा आणि शेवटी तो एकत्र बांधायचा, अशा योजनेला संयुक्त संशोधन म्हणता येणार नाही.

मोठ्या अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी छोट्या निधीवर एक कार्यगट उभा करावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८७ साली अर्व्हाइन येथे मानव्यविद्या संशोधन संस्था स्थापन केली. त्या विद्यापीठाच्या वेगवेगळ्या परिसरांतील प्राध्यापकांना एका विषयाभोवती एकत्र आणणारे गट हा तिच्या कामाचा गाभा आहे. आपल्याकडे तीन विद्यापीठांवर अशी एक छत्रसंस्था नाही, शिवाय मध्ये दोन राज्य सरकारे येतात. म्हणून प्रत्येक विद्यापीठाने आपल्याच माणसांचा प्रवासखर्च आपल्या अंतर्गत संशोधन निधीतून द्यावा आणि यजमान विद्यापीठाने निवास व जागा द्यावी, अशी मांडणी करणे सर्वांत सोपे जाते. तीत एका विद्यापीठाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात जात नाही, त्यामुळे लेखा विभागाला आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही. वर्षभरात एक बैठक बडोद्याला आणि एक रतलाममार्गे इंदूरला झाली आणि त्यांतून कागदपत्रांची एक प्राथमिक सूची हाती आली, तर पुढचा अर्ज कितीतरी भक्कम होतो.

निधी कोणाकडे मागायचा, हे विषयाच्या स्वरूपावरून ठरते. इतिहासाचा भाग प्रधान असेल तर १९७२ साली स्थापन झालेली भारतीय इतिहास संशोधन परिषद, शिक्षणसंस्था व समाज यांवर भर असेल तर १९६९ ची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, तत्त्वज्ञानासाठी त्या विषयाची स्वतंत्र परिषद, आणि कलांच्या अभ्यासासाठी बंगळूरचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, अशी स्थूल विभागणी सांगता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली जाहीर केलेल्या ‘स्ट्राइड’ योजनेच्या तिसऱ्या घटकात मानव्यविद्यांसाठी एका संस्थेला १ कोटी रुपयांपर्यंत आणि अनेक संस्थांच्या जाळ्याला ५ कोटी रुपयांपर्यंत तरतूद होती. अशा योजना येतात आणि बंदही होतात, म्हणून अर्ज मागवणारी सूचना सध्या चालू आहे की नाही, हे आधी पाहावे. कागदपत्रे जीर्ण होत चालली असतील तर ब्रिटिश लायब्ररीचा २००४ पासून चालणारा एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम हाही पर्याय आहे. त्यात मूळ कागद देशातच राहतात आणि त्यांच्या डिजिटल प्रती तयार केल्या जातात. मात्र तो पैसा मुख्यतः प्रतिमा घेणे व सूची करणे यांसाठी असतो. अर्थ लावण्याच्या संशोधनासाठी दुसरा स्रोत शोधावाच लागतो.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. अर्ज टिकतो की पडतो हे बहुतेक वेळा तेथेच ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे (अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या आवृत्तीचे) काम १९१९ मध्ये सुरू केले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. औंधच्या पंतप्रतिनिधींसारख्या आश्रयदात्यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले, आणि पाठभेद नोंदवण्याचे काम पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही चालले. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानेही वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती अनेक ठिकाणची हस्तलिखिते ताडून १९७५ मध्ये पूर्णत्वास नेली. या दोन्ही कामांमागे हस्तलिखित वाचणाऱ्या, नोंदी ताडून पाहणाऱ्या प्रशिक्षित माणसांचे वर्षानुवर्षांचे सलग श्रम आहेत. म्हणून माझा आग्रह असा की, अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी रक्कम यंत्रांवर न घालता वाचणाऱ्या माणसांसाठी ठेवावी. मोडी वाचणारी माणसे आज मोजकी आहेत, त्यांच्यातील अनेक जण वयस्कर आहेत आणि विद्यापीठाच्या वेतनश्रेणीत बसणारी पदवी त्यांच्याकडे असेलच असे नाही. त्यांना ‘प्रकल्प सहायक’ या पदावर घ्यायचे ठरवले तर पात्रतेच्या अटी आड येतात. त्याऐवजी लिप्यंतराचे मानधन पानामागे ठरवून ते तज्ज्ञसेवा या खर्चाच्या शीर्षाखाली मागावे आणि ते शीर्ष अनुदान देणाऱ्या संस्थेला मान्य आहे याची लेखी खात्री करून घ्यावी. दर ठरवण्यापूर्वी वीस-पंचवीस पाने खरोखर वाचून घ्यावीत, कारण स्वच्छ हातातले पत्र आणि घाईत लिहिलेली हिशेबाची नोंद यांना लागणाऱ्या वेळेत फार मोठा फरक असतो.

त्याखालोखाल एकत्र बसण्याचा खर्च मागावा: वर्षातून दोन निवासी वाचनसत्रे, त्यांचा प्रवास, भोजन आणि प्रती काढण्याचा खर्च. ‘चर्चासत्र’ म्हटले की उद्घाटन, हारतुरे आणि पाहुणे ओघाने येतात, म्हणून अर्जात ‘वाचनसत्र’ असेच लिहावे आणि प्रत्येक सत्रात कोणती कागदपत्रे वाचून होतील तेही नोंदवावे. अध्यापनातून सवलत मिळणे आपल्याकडे अवघड असते, तेव्हा सत्रे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवावीत आणि दोन्ही राज्यांची शैक्षणिक वेळापत्रके आधीच समोर घ्यावीत. कॅमेरा-संगणकाची खरेदी विभागाकडे आधीपासून असलेल्या साधनांत भागत असेल तर टाळावी.

अर्ज पाठवण्यापूर्वी तिन्ही कुलसचिवांच्या सह्यांचा सामंजस्य करार तयार असावा. अनुदान साधारणतः प्रमुख संशोधकाच्या संस्थेच्या नावे हप्त्यांनी येते, आणि सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ प्रमाणे १२-अ या नमुन्यातील विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याचा दाखला) आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. इंदूरचे बिल वेळेवर न आल्यास बडोद्याचा पुढचा हप्ता अडतो. यासाठी सहयोगी संस्थेला ठोक रक्कम वर्ग करण्यापेक्षा प्रमुख संस्थेने तेथील मानधन व प्रवासाची देयके थेट चुकती करावीत, हे मला अधिक सुरक्षित वाटते. अनुदानावर मिळालेल्या व्याजाचाही हिशेब द्यावा लागतो, हे लेखा विभागाला पहिल्याच दिवशी कळवावे. खासगी न्यासाचे महाविद्यालय सहभागी असेल आणि पैसा परदेशातून येणार असेल, तर २०१० च्या परकीय अंशदान विनियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करू शकत नाही. अशा प्रकल्पात प्रत्येकाच्या वाट्याचे काम आणि पैसा सुरुवातीपासून वेगळे आखावे लागतात.

करारात पैशांइतकेच स्पष्टपणे श्रेयही लिहावे. कोणत्या निबंधावर कोणाचे नाव पहिले, पीएच.डी.चे विद्यार्थी प्रकल्पातील सामग्री केव्हा वापरू शकतील, आणि लिप्यंतर करणाऱ्या मोडीवाचकाचे नाव मुखपृष्ठामागे न दडवता लिप्यंतराच्या प्रत्येक भागावर कसे छापले जाईल, हे सारे ठरलेले असावे. अभिलेखागाराकडून प्रतिमा घेण्याची आणि त्या प्रसिद्ध करण्याची परवानगी वेगवेगळी असते. दोन्ही लेखी घ्याव्यात. प्रकाशनाच्या खर्चात मराठीबरोबर गुजराती आणि हिंदी सारांशांची तरतूद करावी, म्हणजे आपल्याच शहरांतील इतर अभ्यासकांना काम वाचता येईल. शेवटच्या हप्त्याच्या मागणीसोबत लिप्यंतरांचे व सूचीचे तीन समान संच तिन्ही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जमा केल्याच्या पावत्या जोडाव्यात, आणि ही अट आपण होऊन मूळ अर्जातच घालून ठेवावी.