धाप लागते म्हणजे झडपच? हृदयातली गाठ हुकवणाऱ्या या चुका टाळा

जिना चढताना धाप, संध्याकाळी पायांवर सूज. चाळिशीतली बाई ही तक्रार घेऊन आली आणि स्टेथोस्कोपमध्ये मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आली, की आपल्याकडे ‘ऱ्हुमॅटिक झडप’ (ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली झडप) हे निदान जिभेवरच असतं. बहुतेकदा ते बरोबरही निघतं. म्हणूनच तर मायक्झोमा ही हृदयातली गाठ हुकते.

मोठ्या माणसांत हृदयातच उगवणाऱ्या गाठींपैकी ही सर्वांत जास्त आढळणारी. कर्करोग नव्हे. चारातल्या तीन तरी डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळणाऱ्या. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर पाहिलं तर दर ठोक्याला गोळा मायट्रल झडपेत (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दारात) घुसतो आणि परत वर जातो. रक्त अडतं, फुफ्फुसात तुंबतं. पंप ठणठणीत, दारात बोळा!

त्यामुळे पहिली चूक इको टाळण्याची. ईसीजी नॉर्मल असू शकतो. लघवीच्या गोळीने सूज उतरते आणि सगळे निर्धास्त होतात.

दुसरी, एक साधा प्रश्न न विचारणं: कुठल्या कुशीवर बरं वाटतं? हार्ट फेल्युअरचा रुग्ण एरवी आडवा झाला की घुसमटतो, उठून बसला की सावरतो. इथे कधी उलटं होतं. उठून बसल्यावर दम आणि चक्कर, कूस बदलली की मोकळं. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, त्याला ते विचित्र वाटतं.

बारीक ताप, वजनात घट, वाढलेला ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) दिसला की टीबीच्या मागे लागणंही नेहमीचंच. ही गाठ इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारं रसायन सोडते, त्याचा हा परिणाम.

गाठीला गुठळी समजून रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर ठेवणं जास्त महागात पडतं. गाठ त्याने विरघळत नाही, आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर तरण्या माणसाला लकवा. हातापायाच्या धमनीतून काढलेली गुठळी पॅथॉलॉजीला न पाठवता फेकून देऊ नका; कधीकधी निदान तिच्यातच असतं.

निदान झाल्यावर ‘सणवार होऊ दे, मग बघू’ नको. स्टॉकहोमला सर्जन क्रॅफोर्ड यांनी १९५४ साली ही गाठ यशस्वीपणे काढली. आज ऑपरेशन सरावाचं आहे. देठाखालचा पडद्याचा तुकडाही काढतात. तरी थोड्या जणांत ती पुन्हा उगवते, म्हणून इको चालू ठेवायचा. रुग्ण अगदी तरुण असेल किंवा गाठी अनेक असतील, तर ती आनुवंशिक असू शकते; सख्ख्या भावंडांचाही इको करून घ्या.