नेक्सन की ब्रेझा? आधी यवतेश्वर चढून बघा

टेस्ट ड्राइव्हला गाडी निघाली ती महामार्गाच्या सर्व्हिस रोडने. दोन किलोमीटर सरळ, यू-टर्न आणि परत शोरूम. शेजारी बसलेल्या मुलाने विचारलं, "कशी वाटली मॅडम?" नवी कोरी गाडी, गुळगुळीत डांबर, एसी चालू आणि आत दोनच माणसं. अशी कुठलीही गाडी चांगलीच वाटणार. मी त्याला म्हटलं, "उद्या सकाळी साडेसातला समर्थ मंदिराला गाडी आणा. आम्ही चौघं येतो. यवतेश्वरचा घाट चढायचाय." तो जरा कचरला, साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. शेवटी गाडी आली. तुम्हीही एवढा हट्ट धराच. दहा-बारा लाख रुपये आपण मोजणार आहोत, तासभर गाडी मागणं हा आपला हक्क आहे.

मी मेढ्याला शाळेत गणित शिकवते आणि साताऱ्यात राहते. मोळाचा ओढा, कण्हेर, मेढा असा रोजचा जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरचा रस्ता. जुनी छोटी हॅचबॅक अकरा वर्षं वापरली. आता सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, मुलगा पुण्याला शिकतोय आणि घरातली सगळी माणसं एका गाडीत नीट बसत नाहीत. फिरून फिरून टाटा नेक्सन आणि मारुती ब्रेझा या दोघींवर येऊन थांबलो. तीन महिने मी एका वहीत टिपणं काढत होते, त्यातलं कामाचं तेवढं इथे सांगते.

गाड्या बघायला जायच्या आधी आपले रस्ते लिहून काढा. पंधरा दिवस गाडी किंवा रिक्षा, जे काही वापराल, त्याची रोज एक ओळ लिहायची : कुठे गेलो, गाडीत कोण होतं, मागे काय सामान होतं. मला वाटायचं की आम्ही सारखे पाचजण मिळून कुठेतरी जातो. वही म्हणाली, तसं नाही. दहा फेऱ्यांतल्या आठ मी एकटीच करते, त्यातल्या पावसाळ्यातल्या बऱ्याच अंधारून आल्यावर. भरलेली गाडी घाट चढते ती महिन्यातून एकदा-दोनदा. पण त्या एक-दोन वेळांनाच गाडीचा खरा कस लागतो. म्हणून दोन्ही गोष्टी तपासायच्या : रोजचा रस्ता आणि सर्वांत अवघड रस्ता.

आता घाटाचं. कागदावर नेक्सनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेलं. १२० पीएस ताकद, १७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. ब्रेझाचं १,४६२ सीसीचं, चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं; १०३ पीएस आणि १३७ न्यूटन-मीटर. आकडे पाठ करायची गरज नाही, पण त्यांचा अर्थ घाटात कळतो. ब्रेझाचा जास्तीत जास्त टॉर्क ४,४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेत असताना, येतो. म्हणजे चौघं बसलेली गाडी चढावर रेटायची तर गिअर खाली टाकून इंजिन जोरात फिरवावं लागतं. नेक्सनचा टॉर्क १,७५० पासूनच मिळायला लागतो, म्हणून वळणातून बाहेर पडताना ती तिसऱ्यातच उचलते. पण आरपीएम त्याच्या खाली गेलं की टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. समोर टेम्पो, मागे दुचाकी आणि पायाखाली क्लच, अशा वेळी तो क्षण जाणवतो. याच्या उलट राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत ब्रेझा दुसऱ्या गिअरमध्ये लोण्यासारखी सरकते. हळू चालवताना चार सिलिंडरचा फरक हाताला आणि कानाला कळतो.

अजून एक गोष्ट डोंगराच्या गावांत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. उंचावर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, टर्बो ही तूट बरीच भरून काढतो. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या वर आहे. आठवड्याला पसरणी किंवा केळघर घाट चढणाऱ्याने हे धरावं. सपाटीवरच्या माणसाने सोडून दिलं तरी चालेल.

घाट चढून झाला की उतरायचाही. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता, गाडी आपल्याला किती धरून ठेवते ते बघा. चढावर मुद्दाम थांबून पुन्हा निघा, गाडी मागे घसरते का ते बघा. ऑटोमॅटिक घेणार असाल तर ही परीक्षा चुकवूच नका, कारण सगळे ऑटोमॅटिक सारखे नसतात. ब्रेझाचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यात क्लचऐवजी तेलातून जोर पोचतो. नेक्सनमध्ये एएमटी मिळतो आणि महागड्या मॉडेलांत ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचांचा. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, त्यातला क्लच यंत्र दाबतं. तो स्वस्त पडतो, पण चढावर गिअर बदलताना गाडी किंचित मान हलवते. मागे बसलेल्याला मळमळतं का, हे मागे बसलेल्यालाच विचारा.

मागच्या सीटचा निकाल मी सासूबाईंवर सोपवला होता. मागच्या सीटवर जी व्यक्ती सर्वांत जास्त बसणार, तिला शोरूमला घेऊन जा. आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघा काटकोनापेक्षा जास्त मुडपेल अशा खोल सीटवर बसवू नका. म्हणून घरच्या दिवाणाची उंची टेपने मोजली आणि तोच टेप घेऊन दोन्ही शोरूमला गेले. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजायचं. दार किती उघडतं ते बघायचं, उंबऱ्यासारखी खालची कड किती रुंद आहे तेही बघायचं, कारण पाय तिच्यावरूनच आत जातो. या दोन गाड्यांत सीटच्या उंचीने फारसं अडत नाही, फरक पडतो तो छतामुळे. नेक्सनचं छत मागे उतरत गेलंय, उंची १,६२० मिलिमीटर. ब्रेझा पेटीसारखी सरळ आणि १,६८५ मिलिमीटर उंच. सासूबाई ब्रेझात ताठ मानेनं बसल्या, नेक्सनमध्ये शिरताना डोकं वाकवावं लागलं. आत बसल्यावर मात्र नेक्सनच्या सीटने मांडीला जास्त आधार दिला असं त्या म्हणाल्या. दहा मिनिटं बसवून ठेवा. पहिल्या मिनिटाला सगळं छानच म्हणतात.

डिकीचे लिटर कागदावर नेक्सनला ३८२ आणि ब्रेझाला ३२८. पण लिटरने सामान मोजत नाहीत. आम्ही सासूबाईंचा वॉकर नेला होता, तो आडवा टाकून वर दोन पिशव्या ठेवून पाहिल्या. गावाकडून तांदळाचं पोतं येत असेल तर डिकीच्या तोंडाची उंची बघा, ५० किलो तिथपर्यंत उचलायचे तुम्हालाच आहेत.

इंधनाचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचं ऐकू नका. माझे वर्षाचे १५,००० किलोमीटर होतात. पेट्रोलवर खरोखरचं मायलेज लिटरला १५ धरलं आणि लिटरला १०५ रुपये, तर १,००० लिटर म्हणजे १,०५,००० रुपये. सीएनजीवर किलोला २२ किलोमीटर आणि दर ९० रुपये धरला, तर साधारण ६१,४००. वर्षाला ४३,६०० वाचतात. आता तुमच्या पसंतीच्या मॉडेलात सीएनजीसाठी किती जास्त मोजावे लागतात ते विचारा आणि या रकमेने भागा. लाखभर जास्त असतील तर सव्वादोन वर्षांत वसूल. पण माझ्या वहीत त्या ओळीखाली दोन गोष्टी लिहिल्या आहेत. ब्रेझाच्या सीएनजीत टाकी डिकी खाते आणि ताकद ८८ पीएसवर येते. नेक्सनने दोन छोट्या टाक्या तळाशी बसवल्या आहेत, त्यामुळे ३२१ लिटर डिकी उरते, आणि तिचं सीएनजी इंजिन टर्बोचंच आहे. डिझेल आता या दोघींत फक्त नेक्सनला. २६० न्यूटन-मीटरचा टॉर्क, घाटाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर ११ टक्के, तर डिझेलला १३. शिवाय बीएस-६ डिझेलच्या धुरात काजळी धरणारी जाळी असते, ती साफ राहायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर पळवावी लागते. बाजार आणि शाळा एवढंच अंतर असलेल्यांनी डिझेलच्या मोहात पडू नये.

कराचा विषय मी वर्गात शिकवावा तसा सांगते, कारण शोरूममध्ये तो कुणी सांगत नाही. दोन्ही गाड्या ३,९९५ मिलिमीटर लांब. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, ते मुद्दाम. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना करसवलत मिळाली तेव्हापासून ही चार मीटरची रेघ आहे. पण सवलतीला दुसरी अटही आहे : पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. नेक्सन दोन्ही अटींत बसते, ब्रेझा इंजिनावर अडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नेक्सनला १८ टक्के जीएसटी, ब्रेझाला ४०. त्याआधी नेक्सन पेट्रोलला २९ आणि ब्रेझाला ४५ होता. आता समजा दोघींची एक्स-शोरूम किंमत (आरटीओ आणि विमा सोडून) १० लाख आहे. नेक्सनच्या दहा लाखांत गाडीचे ८ लाख ४७ हजार, बाकी कर. ब्रेझाच्या दहा लाखांत गाडीचे ७ लाख १४ हजार. म्हणजे तेवढ्याच पैशांत एकीकडे १ लाख ३३ हजारांची गाडी जास्त मिळते. गाडी टिकाऊ आहे की नाही हे यावरून ठरत नाही, पण कुठल्या मॉडेलात काय काय मिळतं ते शेजारी शेजारी लावून बघितलं की हे पैसे कुठे गेले ते दिसतं.

सुरक्षेबद्दल मी तडजोड करणार नव्हते. मेढ्याच्या रस्त्यावर पावसात समोरून डंपर येतो तेव्हा मी एकटी असते. भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२४ साली नेक्सनला ५ स्टार मिळाले, मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४३.८३ गुण. ब्रेझाचे जे ४ स्टार लोक सांगतात ते ग्लोबल एनकॅपचे, २०१८ चे, जुन्या ब्रेझाचे. आताची ब्रेझा २०२२ ची आहे. म्हणून कुणी स्टार सांगितले की कुठल्या सालच्या, कुठल्या मॉडेलचे, हे विचारायचंच. ब्रेझाला आता सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आहेत, ही मोठीच गोष्ट. पण एअरबॅग किती आणि सांगाडा किती टिकला, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

सनरूफ, मोठा पडदा, रंगीत दिवे यांवर मी फार वेळ घालवला नाही. मागचा वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर मात्र पाहिजेच. जुलैत कासच्या बाजूला गेलात की कळेल. हेडलाइट बघायचे तर संध्याकाळी अंधार पडल्यावर एक फेरी मागा.

किंमत ठरवताना कोटेशन छापील घ्या आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा. एका शोरूमने मला "हँडलिंग" म्हणून काही हजार लावले होते आणि न मागितलेलं अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेजही. मी दोन्ही ओळी पेनाने खोडल्या आणि नवीन कागद मागितला. चार दिवसांनी मिळाला. विमा शोरूमचाच घ्यावा असं बंधन नाही. बाहेरून दोन ठिकाणी दर काढा, तोच कागद दाखवला की त्यांचाही दर खाली येतो. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिनात पाणी गेल्यावर भरपाई देणारं कलम आहे का ते बघा, सांगली-मिरजेकडच्यांनी तर नक्कीच. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर, कापतात. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पावती जपून ठेवा.

आम्ही नेक्सन घेतली, पेट्रोल, मॅन्युअल. सासूबाईंसाठी दारात ठेवायला छोटा लाकडी पाट करून घेतला आणि आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, हे त्यांना सवयीचं झालं. त्याच महिन्यात माझ्या सांगलीच्या धाकट्या बहिणीने हीच पद्धत वापरून ब्रेझा घेतली. विश्रामबागेत घर, मिरजेला नोकरी, सगळी सपाटी, दिवसभर गर्दी आणि तिला ऑटोमॅटिकच हवी होती. तिच्या वहीत घाट वर्षातून दोनदा होता. मी तिला एका शब्दाने अडवलं नाही.

गाडी ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी, दिवसाउजेडी, यार्डात जा. चॅसीच्या पट्टीवर बनवल्याचा महिना वाचा, सहा महिने उभी असलेली गाडी नको म्हणा. स्टेपनी, जॅक, पाना हाताने बाहेर काढून बघा. बोनेट उघडून चॅसी नंबर कागदाशी जुळवा. हे सगळं पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या सकाळी होत नाही. तिथे हार, पेढे आणि मागे पन्नास माणसं उभी असतात.