लिफ्ट केलेली थार पुढून बसली? आणखी एक स्पेसर टाकण्याआधी या चुका टाळा

लिफ्ट केलेली, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून उंचावलेली गाडी काही महिन्यांत पुढून बसली, की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: ‘अजून एक स्पेसर टाकू, येईल वर.’ स्पेसर म्हणजे स्प्रिंगवर किंवा शॉकअपवर बसवायची, उंची वाढवणारी चकती. गाडी वर येतेही. पण ती का बसली होती हे कुणीच पाहिलेलं नसतं. मूळ दुखणं तसंच राहतं आणि नव्या स्पेसरचा ताण बॉल जॉइंटवर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर पडतो. खरं तर नाक खाली येण्याची कारणं मोजकीच आहेत. स्प्रिंगवरचं वजन वाढलं, स्प्रिंग थकली किंवा तुटली, स्प्रिंग जिथे टेकते ती जागा सरकली, आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशने दगा दिला, नाहीतर गाडी बसलेलीच नाही आणि आपली नजर फसते आहे. यातलं नेमकं कोणतं, हे मोजपट्टी, जॅक आणि थोडा धीर असला की बहुतेक वेळा घरच्या अंगणातच कळतं.

हे सगळं महिंद्रा थार समोर ठेवून लिहितो आहे, कारण आपल्याकडे सह्याद्रीच्या वाटांवर सर्वाधिक लिफ्ट याच गाडीला केलेली दिसते. ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या थारला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंगच्या पोटात शॉकअप आहे. मागे सलग अ‍ॅक्सल आणि कॉइल. त्याआधीच्या, २०१० पासूनच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग). नाव एकच, पण पुढून बसण्याची तऱ्हा वेगळी. आपली गाडी यातली कोणती, ते आधी लक्षात घ्या.

न मोजता ठरवणं

‘डावीकडे दोन बोटं खाली वाटते’ हे माप नव्हे. जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजणंही कामाचं नाही, कारण त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. मोजायचं ते चाकाच्या केंद्रापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत, चारही चाकांना. जागा सपाट हवी. उताराच्या पार्किंगमध्ये घेतलेली मापं टाकून द्या. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे करा आणि बंपर दाबून हलवा, कारण जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी चाकं जागेवर येईपर्यंत उंचच उभी असते. टाकीत डिझेल किती आणि मागे सामान काय, हेही मापाशेजारी लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटरचा फरक कारखान्यातून आलेल्या गाडीतही सापडतो. दहाच्या आत असेल तर त्याच्या मागे लागू नका.

आता एक गोष्ट, जी फार थोडे लोक तपासतात. थारची बॉडी वेगळ्या चॅसिसवर रबरी माउंटिंगवर बसलेली आहे. ती रबरं दबली, किंवा गाडीने कधी मार खाल्ला असेल, तर फेंडर खाली दिसतो आणि सस्पेन्शन मात्र ठणठणीत असतं. म्हणून दुसरं माप चाकाच्या केंद्रापासून चॅसिसवरच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंत घ्या. चॅसिसपाशी दोन्ही बाजू सारख्या आणि फेंडरपाशी फरक, असं निघालं तर स्प्रिंगला हात लावायचं कारणच उरत नाही.

एकच कोपरा खाली असेल तर मागच्या स्प्रिंगलाही मोकळं सोडू नका. चॅसिस कडक असतं. मागची उजवी स्प्रिंग थकली तर पुढचा डावा कोपराही वर-खाली दिसू शकतो. परीक्षा सोपी आहे: पुढच्या चाकांना अडण्या लावा, मागच्या अ‍ॅक्सलखाली बरोबर मध्यावर जॅक लावून मागची बाजू उचला आणि पुढचं माप पुन्हा घ्या. पुढचा फरक नाहीसा झाला तर दोष मागे आहे. तसाच राहिला तर पुढे.

शॉकअपला दोष देणं

शॉकअप गाडीची उंची धरत नाही. तो उसळी आवरतो. वजन पेलते ती स्प्रिंग. गॅसच्या शॉकअपचा दांडा थोडा जोर लावतो, पण गाडीच्या वजनापुढे तो किरकोळ. शॉकअप गळत असेल तर बदलावाच लागेल, मात्र त्याने बसलेलं नाक वर येईल ही आशा ठेवून पैसे घालू नका. अपवाद एकच: नव्या थारमध्ये स्प्रिंगचं खालचं बसकं, म्हणजे ती जिथे टेकते ती थाळी, शॉकअपच्या अंगावरच असतं. ते बसकं वाकलं, त्याचं वेल्डिंग सुटलं किंवा त्याखालची रिंग सरकली, तर स्प्रिंग शाबूत असूनही गाडी खाली येते. बाजारातल्या उंची कमी-जास्त करता येणाऱ्या किटमध्ये हे बसकं चुडीवर (आट्यांवर) फिरतं, आणि लॉक नट नीट आवळलेला नसेल तर खडबडीत रस्त्यावर ते हळूहळू उतरत जातं. नट आवळल्यावर चुडीवर रंगाची एक रेघ मारून ठेवली, तर पुढच्या वेळी नजर टाकताच कळतं.

विंचचं वजन हिशेबात न धरणं

विंच म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र. पुढून बसलेल्या गाड्यांमध्ये हे कारण मला सर्वात जास्त दिसतं, आणि लोकांना ते सर्वात कमी पटतं. ‘ऐंशी-नव्वद किलोच तर आहे, एक माणूस बसल्यासारखं,’ असं म्हणतात. माणूस दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये बसतो. विंच आणि लोखंडी बंपर पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकतात.

हिशेब करून बघा. थारचा व्हीलबेस २४५० मिमी. समजा, बंपर आणि विंच मिळून मूळ बंपरपेक्षा ९० किलो जास्त भरले आणि हे वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्या ७० सेंमी पुढे आहे. तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवरून सुमारे २६ किलो उचलले जातात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर ९० नव्हे, ११६ किलो येतात. म्हणजे प्रत्येक पुढच्या चाकावर ५८. चाक एक मिलिमीटर दाबायला तीन किलो लागतात असं धरलं, तर पुढची बाजू १९ मिमी बसली. शिवाय मागची बाजू हलकी होऊन जरा उचलली गेली. पन्नास मिलिमीटरची लिफ्ट घेतली होती, त्यातली जवळजवळ दोन पंचमांश इथेच गेली, आणि एकही भाग खराब झालेला नाही.

यावर उपाय स्पेसर नाही. लागणारी वस्तू म्हणजे जास्त भारासाठी बनवलेली स्प्रिंग. किट घेताना ‘दोन इंचाची द्या’ एवढंच सांगून थांबू नका. पुढे किती वजन वाढलं आहे, इंजिन डिझेल आहे की पेट्रोल, गाडीत कायमचं काय असतं, हे सांगा आणि त्या भाराला साजेशा स्प्रिंगचा क्रमांक मागा. विंच पुढे कधीतरी लावू म्हणून आजच कडक स्प्रिंग घेणंही चुकीचंच. रिकामं नाक मग वर राहतं आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटते. वजन कमी करायचं असेल तर विंचच्या पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर आणि अ‍ॅल्युमिनियमचा फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर येतो तो भाग) घ्या. बऱ्याच किलोंचा फरक पडतो, तोही नेमका नाकाच्या टोकावर.

स्प्रिंगचं टोक खोबणीत न बसवणं

कॉइल स्प्रिंगचं टोक बसक्यातल्या पायरीला टेकलं पाहिजे. घाईत ते पायरीवर चढून राहतं. त्या दिवशी गाडी अपेक्षेपेक्षा उंच दिसते, मालक खूश होतो, आणि पहिल्या दगडी वाटेवर ‘टण्’ असा आवाज होऊन टोक खाली घसरतं. एक बाजू बसली! इथे एक बारकावा आहे. नव्या थारमध्ये शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत टेकतो, त्यामुळे स्प्रिंगपाशी झालेला बदल चाकापाशी दीडपट ते दुप्पट होऊन दिसतो. आत दहा मिलिमीटर सरकलं तर बाहेर पंधरा ते वीस. स्पेसरलाही हाच नियम लागतो, म्हणूनच २५ मिमीचा स्पेसर लावून गाडी जवळपास दीड-दोन इंच उचलली जाते.

तिथेच खालच्या बसक्यातला चिखल धुऊन बघा. कोकणात खारी हवा, घाटमाथ्यावर चार महिने ओल. माती साचून राहते, रंग उडतो, गंज खोल जातो आणि स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटतं. तुटका तुकडा बसक्यातच पडून राहत असल्याने वरवर बघून कळत नाही. टॉर्च लावून वेटोळ्यांची टोकं दोन्ही बाजूंना सारखी आहेत का, ते पाहा.

स्प्रिंग काढायची वेळ आली तर योग्य कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच काढा. दाबलेली स्प्रिंग तारेने किंवा साखळीने बांधून काम उरकणारे लोक आहेत. ती सुटली तर माणसाचा जीव जातो. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड हवेतच.

चाकं लटकत असताना बुशचे बोल्ट आवळणं

लिफ्ट बसवताना गाडी गॅरेजच्या होइस्टवर टांगलेली, चाकं खाली लोंबकळलेली, आणि मेकॅनिक त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळून टाकतो. बुशच्या आतली नळी तिथे पकडली जाते. गाडी खाली उतरली की आर्म वर फिरतो, नळी फिरत नाही, आणि मधलं रबर पिळलं जातं. पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत राहतं, म्हणून गाडी पहिल्या दिवशी खोटी उंच दिसते. काही आठवड्यांत रबर फाटतं किंवा नळीपासून सुटतं, उंची जाते आणि लिफ्टच्या नावाने बोटं मोडली जातात.

गाडी चाकांवर उभी करून, एकदोनदा हलवून, मगच बोल्ट कंपनीच्या मापाने टॉर्क पान्याने आवळायचे. आधीच आवळलेले असतील आणि बुश फाटलेलं नसेल तर आजही ढिले करून पुन्हा नीट आवळता येतात. खर्च जवळजवळ शून्य. कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी हे करून घ्या आणि पुन्हा मोजा.

जुन्या थारचा टॉर्शन बार पिळत राहणं

सीआरडीई थारमध्ये पुढची उंची बोल्टने वाढवता येते, आणि ही सोयच घात करते. बोल्ट आवळल्याने बारचा कडकपणा वाढत नाही; आर्मचा कोन तेवढा बदलतो. चाक खाली जायची जागा संपत जाते. खड्ड्यात चाक सुटलं की वरचा आर्म स्टॉपवर आदळून ठक् आवाज येतो, आणि ड्राइव्ह शाफ्ट वाकड्या कोनात फिरून त्यांच्या सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट) फाडतात. हे सगळं सोसूनही थकलेला बार काही महिन्यांत पुन्हा बसतो. बोल्ट आवळण्यासाठी आधी चाकावरचा भार जॅकने काढा, आणि मूळ जागी किती चुड्या बाहेर होत्या हे लिहून ठेवा. दोन्ही बाजू सारख्या फिरवूनही एक बाजू खालीच राहत असेल, तर तो बार थकला आहे किंवा मागच्या पाट्यात काही मोडलं आहे.

बार काढले असतील तर डावा-उजवा तपासा. टॉर्शन बार एकाच दिशेने पीळ घेण्यासाठी कारखान्यात तयार केलेले असतात. अदलाबदल झाली तर ते थकून बसतात, तुटूही शकतात. टोकावर खूण असते. काढण्यापूर्वीच रंगाने स्वतःचीही एक खूण करा.

रबरी बफर आणि स्पेसरवर स्पेसर

वेटोळ्यांमध्ये ठोकलेले रबरी बफर ऑफ-रोड गाडीत नकोतच. ते जिथे असतात तेवढा स्प्रिंगचा भाग काम करत नाही, उरलेल्या भागावर ताण एकवटतो आणि तिथेच भेग जाते.

स्पेसर मात्र सरसकट वाईट नाही. चांगल्या अवस्थेतल्या स्प्रिंगवर, माफक उंचीसाठी, तो चालतो. शॉकअपच्या वर बसणारा स्पेसर अख्खा शॉकअप खाली ढकलतो, त्यामुळे चाक पूर्ण खाली गेलं की बॉल जॉइंट आणि शाफ्ट हद्दीबाहेर जातात. स्प्रिंगवर बसणारा स्पेसर खालची चाल खातो. एकावर दोन चढवले की हे दोष दुणावतात. थकलेल्या स्प्रिंगचा थकवा यातल्या कशानेच जात नाही. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या थारला दोन इंचांपलीकडे नुसत्या स्पेसरवर न्यायचा आग्रह कुणी धरला, तर गॅरेज बदला. वॉरंटी आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधली बदलांवरची बंधनंही किट घेण्याआधी वाचलेली बरी. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात त्यांचीच विचारणा होते.

आधी अलाइनमेंट, मग दुरुस्ती

क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात. नाक बसलं की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही हलतात, टायर एका कडेने खातो, गाडी ओढते. बसलेल्या उंचीवर अलाइनमेंट केली, तर उंची दुरुस्त झाल्यावर ती पुन्हा बिघडणार. आधी उंची, मग बुशचे बोल्ट, मग अलाइनमेंट, शेवटी हेडलाइटचा रोख.

नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसतेच, त्याला घाबरायचं कारण नाही. बसवल्याच्या दिवशी, साधारण ५०० किमीला आणि १००० किमीला त्याच जागी, तेवढ्याच इंधनावर मापं घ्या. पहिल्या दोन मापांत काही मिलिमीटरचा फरक पडून पुढे आकडा स्थिर राहिला तर स्प्रिंग चांगली. दर वेळी खालीच येत राहिला, बोल्ट आणि बसकी तपासून झालेली असली, तर पोलादच कच्चं आहे. मापांचा तो कागद आणि फोटो घेऊन विक्रेत्याकडे जा आणि दोन्ही बाजूंची स्प्रिंग बदलून मागा, एकीचीच नव्हे.