सायक्लिक पेप्टाइड: रिंग जुळली म्हणजे औषध झालं? या चुका टाळा

सायक्लिक पेप्टाइड म्हणजे रिंगमध्ये बांधलेली अमिनो आम्लांची साखळी. ती प्रथिनात कशी बसेल याचा संगणकी अंदाज देणाऱ्या ऑटोडॉक व्हिनाने उणे अकरा (किलोकॅलरी प्रति मोल; जितकं जास्त उणे, तितकी घट्ट पकड) दाखवलं की ‘कर्करोगावर लीड (औषधाचा आरंभीचा उमेदवार) मिळालं’ असं लिहून मोकळे होणारे प्रोजेक्ट नेरूळ-बेलापूरकडे दर वर्षी दिसतात. व्हिना बाजूच्या साखळ्या फिरवून बघतं, रिंग मात्र साध्या पद्धतीने वापरलं तर तुम्ही दिलीत तशीच ताठ धरतं. रिंगचा आकारच चुकला असेल तर तो देखणा आकडा काय कामाचा? आधी रिंगची निरनिराळी रूपं तयार करा आणि प्रत्येक वेगळं डॉक करा, म्हणजे प्रथिनात बसवून बघा.

त्याहून मुळातली चूक म्हणजे ‘सायक्लिक आहे, म्हणजे पेशीत शिरेल’ हे गृहीत धरणं. सायक्लोस्पोरिन शिरतं, पण त्याच्या ११ अमिनो आम्लांपैकी ७ एन-मिथाइल आहेत, म्हणजे त्यांच्या नायट्रोजनवर मिथाइल गट आहे, आणि त्यामुळे पटलातून जाणं सोपं होतं. ऑक्ट्रिओटाइड या सायक्लिक पेप्टाइड औषधाचा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरच असल्याने त्याला शिरावंच लागत नाही. तेव्हा लक्ष्य आत आहे की बाहेर, हे आधी ठरवा. आत असेल तर डायसल्फाइडने (दोन गंधकांमधल्या बंधाने) रिंग बांधू नका, पेशीतलं ग्लुटाथायोन ती उघडतं. (रोमिडेप्सिन या कर्करोगाच्या औषधाला नेमकं तेच हवं असतं, कारण मोकळा झालेला गंधक एचडीएसी या एन्झाइममधल्या झिंकला धरतो. पण तो अपवाद.)

खरे महिने खातं ते सायक्लायझेशन, म्हणजे सरळ साखळीची टोकं जुळवून रिंग करणं. द्रावण दाट ठेवलंत तर एक रेणू स्वतःला जुळण्याऐवजी शेजारच्याला जुळतो. १ मिलिमोलर किंवा त्याहून पातळ ठेवा. रिंग जुळली की पाण्याचा एक रेणू निघून वस्तुमान १८ ने घटतं; मास स्पेक्ट्रममध्ये तो पीक दिसला की सगळे खूश. पण दोन धनभारांचा डायमर (एकमेकांना जुळलेले दोन रेणू) नेमका त्याच आकड्यावर येतो! समस्थानिकांच्या पीकमधलं अंतर बघा: १ असेल तर मोनोमर (एकटा रेणू), अर्धं असेल तर डायमर. सरळ पेप्टाइडच्या वस्तुमानात ९८ ची वाढ दिसली तर जादा एचएटीयू (टोकं जुळवायला घातलेलं रसायन) एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या अमिनो टोकाला चिकटलंय. त्याऐवजी पायबॉप हे दुसरं जुळवणीचं रसायन वापरून बघा. आणि सी-टोकाला (दुसऱ्या टोकाला) शक्यतो ग्लायसिन ठेवा, तिथे एपिमर होण्याची, म्हणजे अमिनो आम्लाची रचना उलटण्याची भीतीच नाही.

पावसाळ्यात महापे-रबाळ्याच्या हवेत फ्रीजरमधली कुपी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पेप्टाइडऐवजी पाणीच तोलाल.

एमटीटीत (पेशी जिवंत आहेत का ते बघणाऱ्या चाचणीत) पेशी मेल्या, एवढ्यावर हुरळू नका. लायसिन-ट्रिप्टोफॅनने भरलेलं पेप्टाइड साबणासारखं कुठलंही पटल फोडतं. तांबड्या पेशी फुटतात का (हिमोलिसिस) ते बघा, निरोगी पेशींची लाइन घ्या, पेप्टाइडसोबत आलेला टीएफए (ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्लाचा) क्षार बदलून घ्या. तो पेशींना स्वतःच त्रास देतो. आणि त्याच क्रमाचं न जुळवलेलं, सरळ पेप्टाइड चाचणीच्या प्लेटवर शेजारच्या खळग्यांत हवंच. दोघांचा परिणाम सारखा आला तर रिंगसाठी केलेला खटाटोप कशासाठी होता, हे मार्गदर्शकांना तुम्हालाच सांगावं लागेल.