कसारा ते भीमाशंकर चालताना ठाण्यातला मुक्काम कसा करावा

रतनगड, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर करत नाणेघाटाशी पोचेपर्यंत आठवडा उलटलेला असतो. शिधा संपत आलेला, मोजे घामाने कडक, तंबू दहिवराने ओला. पुढे भीमाशंकरपर्यंत मी चार दिवस धरते. ते धड चालायचे असतील तर मध्ये शहरात थांबावंच. नाणेघाट उतरून वैशाखरे, तिथून मुरबाडमार्गे एसटीने कल्याण, मग लोकलने ठाणे. दोन रात्री राहा. एका रात्रीत नुसती धावपळ होते, तिसऱ्या रात्री पाय आळसावतात.

कल्याणहून दुपारची लोकल धरा. सकाळच्या गर्दीत मोठी सॅक घेऊन चढणं म्हणजे स्वतःला आणि इतरांनाही त्रास.

पहिली संध्याकाळ: आंघोळ, वरणभात, झोप.

तंबू त्याच रात्री गॅलरीत नाहीतर खोलीत पसरा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि आतला पाणी अडवणारा लेप हळूहळू चिकट होत जातो. मोजे धुऊन पंख्याखाली टाका.

पायांची नखं सरळ कापा, फोड असतील तर स्वच्छ करून झाका. टाचेची जाड झालेली कातडी मात्र घासून काढू नका. आठवडाभर चालून तयार झालेलं ते तुमचं चिलखत आहे. मासुंदा तलावावर जा, पण काठावर बसा. तलावपाळीला फेऱ्या मारणं ही विश्रांती नव्हे.

आता शिधा. इथे मी स्वतः दोनदा फसले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या वेळी ठाण्यात उतरले ती थेट जांभळी नाक्याच्या बाजारात गेले. पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे जे दिसेल ते हवंसं वाटत होतं. दुसऱ्या वेळी शहाणपणाने घरी जेवून गेले, तर निघताना आईने लाडवांचा डबा, चिवडा आणि लोणच्याची काचेची बरणी सॅकमध्ये घातली. नको म्हणवेना. चार दिवसांसाठी पाठीवर नऊ किलो खाणं घेऊन मी चढले. भीमाशंकरहून खांडसकडे उतरताना गुडघा असा दुखला की पुढचा महिनाभर जिने चढवेनात. त्यातलं निम्मं खाणं तर मी वाटेतल्या वाडीत देऊन टाकलं होतं.

‘जास्तीचं असू द्यावं’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. माणूस भुकेच्या भीतीने खरेदी करतो आणि ते ओझं गुडघ्यांना वाहावं लागतं. घाटमाथ्यावर घाटघर, आहुपे अशी गावं आहेत. आधी विचारलं आणि योग्य पैसे दिले तर संध्याकाळची भाकरी-भाजी मिळते. चहा, साखर, तांदूळ, बिस्किटं गावच्या दुकानात असतात. ठाण्यातून तेवढंच घ्या जे तिथे मिळणार नाही.

माझं माप माणशी दिवसाला अर्धा किलो कोरडं खाणं, म्हणजे चार दिवसांचे दोन किलो. त्यात रोज १०० ग्रॅम पातळ पोहे, तेवढेच शेंगदाणे-फुटाणे, मूठभर खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गूळ, सुकं खोबरं आणि मेतकूट. पोहे पाण्यात भिजवून मेतकूट कालवलं की चूल लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण गॅसचं नळकांडं लोकलमध्ये नेता येत नाही आणि भीमाशंकर अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. वजनाच्या मानाने इतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी, भरपेट नाश्ता करून, लिहिलेली यादी हातात धरून. घरी आल्यावर सगळं जमिनीवर ओता. खोकी, जास्तीच्या पिशव्या, बाटल्या बाजूला काढा. चार ढीग करा, एक ढीग एका दिवसाचा, आणि प्रत्येक ढीग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. अर्ध्या किलोच्या वर गेलेलं काढून ठेवा. मग एका दिवसाची एक पिशवी बांधा. एकच मोठी पिशवी भरली की पहिल्या दोन दिवसांत खजूर संपतो आणि चौथ्या दिवशी नुसते पोहे चघळावे लागतात. आईचे लाडू? दिवसाला एक, मोजून चार. बाकीचे परत आल्यावर खायचे आहेत असं तिला आधीच सांगा, म्हणजे तीही खूश.

क्षार-साखरेची पाकिटं आणि टॉर्चचे सेल संध्याकाळी गोखले रोडवर घ्या. पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवायचं, चिमटीने नाही.

निघायच्या दिवशी ठाण्याहून कल्याणकडे पहाटेची लोकल धरा, गर्दीच्या उलट्या दिशेने जात असल्यामुळे सॅकला जागा मिळते. पुढे मुरबाडमार्गे एसटीने वैशाखरे. जिथून उतरलात तिथूनच चढायला लागा, आणि गावात पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरून घ्या.