रानाच्या कडेला मांजर पाळायचं तर

आमच्या बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबी भागात घर म्हटलं की भाताची कणगी आली, कणगीमागं उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर. मांजर पाळूच नका असं मी कशाला म्हणू? पण नकोशी पिल्लं पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडायची रीत आहे, ती आधी बंद करा. "जगतील रानात," म्हणतात. बरीचशी मरतात. उरतात ती सरडे, बेडूक, पाखरं मारूनच जगतात आणि पुढचं वेत रानातच होतं. रातवा हा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो, रानकोंबडीसुद्धा. 2011 साली अभयारण्य झालेलं भीमगड इथून फार लांब नाही.

कडेला दिसलेलं मांजर कुठलं, ते शेपटीवरून ओळखा. रानमांजर म्हणजे रानातली वेगळीच जात, त्याची शेपूट आखूड, टोकाकडं काळी वलयं. पाय उंच, अंगावर ठिपके नाहीत, कानाच्या टोकाला काळे केस. वाघाटी हीही रानातलीच लहान मांजर, तिच्या अंगावर ठिपके असतात. काळंपांढरं किंवा ठिगळी दिसलं तर ते घरचंच, नाहीतर घरच्याच्या पोटचं. करडं पट्टेवालं तेवढं फसवतं.

रानमांजर धरणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. ऊस तोडताना त्याची पिल्लं सापडली तर उचलून घरी आणू नका. तेवढी सरी सोडा, माणसं बाजूला घ्या. आई रात्री येऊन नेते.

घरच्या मांजराला तिन्हीसांजेला खायला घालून आत कोंडा. पोट भरलं म्हणून शिकार सुटत नाही, दार लावावंच लागतं. घुंगरू बांधलं तर मोठं पाखरू उडून तरी जाईल. घरट्यातलं पिल्लू कुठं जाणार?

खरा उपाय पिल्लं न होण्याचं ऑपरेशन. मादी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना त्याआधीच विचारा. हाताला न येणाऱ्या मांजरासाठी पिंजऱ्यात सुकी मासळी ठेवा, सापडलं की वर गोणपाट टाका, अंधारात ते गप्प बसतं. पिंजरा लावून झोपायला जाऊ नका. रानमांजर अडकलं तर दार उघडून मागं सरा. ऑपरेशनच्या वेळीच रेबीजची लसही टोचून घ्या. घरच्या मांजराचे रोग रानातल्यांना लागतात.

बोक्यालाही न्या. ऑपरेशन केलं की बोका आळशी होतो, उंदीर धरत नाही, असं आमच्या सासूबाई अजून म्हणतात. आमचा धरतो, आणि नेमका त्यांच्याच अंथरुणापाशी आणून टाकतो.