'पोस्ट सेव्ह करते' एवढ्यानं भागलं नाही

वणीजवळच्या गावातून मी कापूस-तुरीवरचे लेख एआय एजंटकडून ब्लॉगवर चढवतो. परवा बोंडअळीवरचा अर्धवट लेख त्यानं थेट प्रसिद्धच केला. फवारणीच्या मात्रेच्या जागी नुसत्या फुल्या!

एजंटला शिव्या घातल्या, पण चूक माझीच. एजंट ज्या टूलनं ब्लॉगवर लेख चढवतो, त्याचं मी लिहिलेलं वर्णन काय, तर 'पोस्ट सेव्ह करते'. स्थिती दिली नाही तर पोस्ट प्रसिद्ध होते, हे कुठंच लिहिलं नव्हतं. एजंटमागचं एआय मॉडेल टूलच्या आतला कोड थोडीच पाहतं? त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन अन् पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचे रकाने.

आता लिहिलं: 'स्थिती द्यायचीच: मसुदा किंवा प्रसिद्ध. माणसानं स्पष्ट सांगितलं तरच प्रसिद्ध.' तारखेचा नमुनाही दिला, २०२५-०७-०३; नाहीतर ०३/०७ म्हणजे तीन जुलै की सात मार्च?

आज लाइन जायच्या आत चार लेख टाकले. चारही मसुदेच राहिले.